नायिका लाभली, फिर्यादी हरवली

२०२० साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको येथील संघीय न्यायालयात एक विलक्षण दावा दाखल झाला. वादी होती आर्थर कॉनन डॉइल यांच्या वाङ्मयाचे हक्क सांगणारी कंपनी. प्रतिवादी होते शेरलॉक होम्सला ‘एनोला’ नावाची धाकटी बहीण बहाल करणाऱ्या कादंबरीकार नॅन्सी स्प्रिंगर आणि त्या कादंबरीवर चित्रपट काढणारी मंडळी. कंपनीचे म्हणणे असे : होम्सच्या जुन्या कथांवरील हक्क संपले हे मान्य, परंतु त्या कथांतील होम्स कोरडा आणि भावनाशून्य होता. स्त्रियांविषयी आदर बाळगणारा होम्स १९२३ ते १९२७ या काळातील अखेरच्या कथांत अवतरला आणि त्या कथांचे हक्क अद्याप आमच्याकडे आहेत. सबब पडद्यावरचा होम्स आपल्या बहिणीशी आपुलकीने वागतो, हा आमच्या मालमत्तेवरील घाला आहे!

वर्ष संपायच्या आत हा वाद सुनावणीविनाच मिटला आणि १ जानेवारी २०२३ रोजी उरलेल्या कथाही अमेरिकेत सर्वांसाठी खुल्या झाल्या. स्त्रीविषयीचा आदर हीदेखील कोणाची तरी खाजगी मिळकत असू शकते आणि तो दाखवायचा तर भाडे मोजावे लागेल, असे भांडवलशाहीच्या न्यायालयात गंभीर चेहऱ्याने मांडता येते, याचे समाजवादी वाचकाला नवल वाटण्याचे कारण नाही. विचार करण्याजोगी गोष्ट दुसरीच आहे. दाव्याचे मूळ गृहीतकच चुकीचे होते. तरीही ते बहुतेकांना खरे वाटले, कारण नाटके-चित्रपटांनी तेच गृहीतक सव्वाशे वर्षे लोकांच्या गळी उतरवले आहे.

होम्स बायकांवर विश्वास ठेवीत नाही, लग्न करीत नाही, प्रेमाची टिंगल करतो. हे सर्व कथांत आहे. त्यावरून रूपांतरकारांनी एकच प्रश्न उचलला : मग याचे मन जडले तरी कोणावर? मूळ कथांतील प्रश्न मात्र वेगळा आहे. भेदरलेली एक बाई दार ठोठावून आत येते आणि काही सांगू लागते; ऐकणारा तिच्या सांगण्यावर विश्वास ठेवतो की नाही? पहिला प्रश्न करमणुकीचा आहे, दुसरा नागरिकत्वाचा. पहिल्याने दुसऱ्याला गिळून टाकले आहे, आणि त्याचा परिणाम केवळ पडद्यापुरता राहिलेला नाही.

मूळ कथा अर्थशास्त्राच्या अंगाने वाचून पाहाव्यात. भालबा केळकरांच्या अनुवादांमुळे मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांना या कथा परिचित आहेत. परंतु त्यांतील साप, कुत्री आणि वेषांतरे जेवढी लक्षात राहतात तेवढे आकडे राहत नाहीत. १८९२ सालच्या ‘ठिपक्यांचा पट्टा’ या कथेतील हेलन स्टोनरची आई आपल्या मुलींसाठी उत्पन्न ठेवून मेली. तिच्या मृत्यूच्या वेळी हे उत्पन्न वर्षाला अकराशे पौंडांच्या आसपास होते. शेतमालाचे भाव उतरल्यामुळे ते साडेसातशेवर आले आहे. प्रत्येक मुलीला लग्नानंतर अडीचशे पौंड मिळायचे. म्हणजे दोघींची लग्ने झाली की सावत्र बापाच्या हाती उरणार अडीचशे. एकीचा मृत्यू लग्नाला पंधरा दिवस उरले असताना होतो; दुसरीचे लग्न ठरताच तिची खोली बदलली जाते. अमेरिकेच्या स्वस्त धान्याने इंग्लंडच्या शेतीचे भाव पाडले, आणि त्या मंदीचा भार सरे परगण्यातील एका घरात दोन अविवाहित मुलींच्या जिवावर आला. खुनामागे वेडाचार नाही की वासना नाही. खुनामागे जमाखर्च आहे.

‘ओळखीचे प्रकरण’ या १८९१ सालच्या कथेतील मेरी सदरलंड हिला काकाकडून न्यूझीलंडचे अडीच हजार पौंडांचे रोखे मिळाले आहेत. साडेचार टक्के व्याज. ते व्याज सावत्र बाप दर तिमाहीस काढून आईच्या हवाली करतो आणि ती स्वतःचा खर्च टंकलेखनावर भागवते. पानाला दोन पेन्स, दिवसाला पंधरा-वीस पाने. मुलीचे लग्न झाले तर व्याज घराबाहेर जाणार, म्हणून सावत्र बाप स्वतःच वेष पालटून तिचा प्रियकर बनतो, तिच्याकडून जन्मभर एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतो आणि लग्नाच्या दिवशी नाहीसा होतो. ‘तांबूस बीच वृक्ष’ या कथेत तर याहून उघड प्रकार आहे. लग्न होवो वा न होवो, तुझा पैसा मी वापरीन, अशा कागदावर बापाला मुलीची सही हवी आहे. ती सही देत नाही, म्हणून तिचा एवढा छळ होतो की ती मेंदूज्वराने अंथरुणाला खिळते. पुढे तिला घरातच कोंडून ठेवले जाते.

इंग्लंडमध्ये १८८२ च्या कायद्याने विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे मालमत्ता बाळगण्याचा पूर्ण हक्क मिळाला. या कथा त्यानंतरच्या दशकातल्या. कायद्याने स्त्रीच्या हाती किल्ली दिली आणि घरातल्या पुरुषांनी ती काढून घेण्याच्या नव्या वाटा शोधल्या. डॉइल यांच्या अनेक गुन्ह्यांचा उगम या संधिकालात आहे. डॉइल स्त्रियांच्या मताधिकाराचे विरोधक होते हे विसरू नये. पण हेच गृहस्थ पुढे घटस्फोटाचा कायदा सुधारण्यासाठी झटणाऱ्या संघटनेचे दहा वर्षे अध्यक्ष होते. घराच्या चार भिंतींत काय चालते याची जाण त्यांना होती.

हेलन स्टोनर होम्सकडे येते तो प्रसंग तर प्रत्येक पोलीस ठाण्यात वाचून दाखवावा असा आहे. तिच्याजवळ पुरावा नाही. बहिणीच्या मृत्यूची अधिकृत चौकशी होऊन त्यातून काही निघालेले नाही. तिचा भावी पती तिचे म्हणणे घाबरट बाईच्या मनाचे खेळ समजतो. तो तसे तोंडाने म्हणत नाही, पण त्याच्या समजुतीच्या शब्दांवरून आणि चुकवलेल्या नजरेवरून तिला ते कळते. होम्स तिच्या बाहीची झालर मागे सारतो. मनगटावर चार बोटांचे आणि एका अंगठ्याचे वळ आहेत. तुमचा छळ झाला आहे, असे तो म्हणतो. तर ती लाजून सावत्र बापाचीच बाजू सावरते : तो कठोर माणूस आहे, स्वतःच्या ताकदीची त्याला कल्पना नसावी. आता, बाईने स्वतःच मारणाऱ्याचे समर्थन केले म्हणून होम्स वही मिटवीत नाही. तिच्या तोंडचे समर्थन हे भीतीचेच लक्षण आहे हे तो ओळखतो आणि त्याच दिवशी तिच्या गावी पोचतो. गुन्हा घडण्यापूर्वी.

होम्सला देव्हाऱ्यात बसवण्याचे मात्र कारण नाही. मेरी सदरलंडला तो सत्य सांगत नाही. बाईचा भ्रम मोडण्यात धोका आहे, असा सुभाषितवजा आडोसा घेऊन तो गप्प राहतो आणि सावत्र बाप मोकळा सुटतो. सत्याची मालकी येथे बाईकडून काढून पुरुषाकडे ठेवली गेली. १९०४ सालच्या मिल्व्हर्टनच्या कथेत तर एका ब्लॅकमेल करणाऱ्याच्या घराची माहिती काढण्यासाठी तो नळकाम करणाऱ्या कारागिराचे सोंग घेतो आणि तिथल्या अगाथा नावाच्या मोलकरणीशी चक्क लग्न ठरवतो. वॉटसन हबकतो, तेव्हा होम्स शांतपणे सांगतो की आपली पाठ फिरताच तिच्यावर डोळा असलेला दुसरा कोणी पुढे येईल. रोख्यांची मालकीण दिवाणखान्यात खुर्चीवर बसून कैफियत मांडते आणि मोलकरीण नुसती वापरली जाते. होम्सचे कान उघडे आहेत, पण ते वर्ग पाहून उघडतात. या कथांवर खरी टीका करायची तर ती येथे करावयास हवी होती.

रूपांतरकारांनी काय केले? १८९९ साली विल्यम जिलेट या अमेरिकन नटाने पहिले मोठे नाटक रंगभूमीवर आणले आणि अखेरीस होम्सला ॲलिस फॉकनर नामक तरुणीच्या प्रेमात पाडले. लेखकाने परवानगी दिली होतीच : त्याचे लग्न लावा नाहीतर त्याला मारून टाका! तेव्हापासून परंपरा पडली. सगळे रूपांतरकार आयरीन ॲडलरच्या मागे लागले. ही बाई सबंध होम्सवाङ्मयात ठळकपणे येते ती एकाच कथेत, १८९१ साली. एका राजाने तिला वापरून सोडले आहे. त्याच्यासोबतचे छायाचित्र तिने स्वतःच्या संरक्षणासाठी जपले आहे. होम्स राजाच्या बाजूने उभा राहतो आणि हरतो. ती आपल्या पसंतीच्या वकिलाशी लग्न करून छायाचित्रासह निघून जाते. होम्सचे तिच्यावर प्रेम नव्हते, हे वॉटसन सुरुवातीलाच बजावतो.

या स्वतंत्र बाईचे पुढे काय झाले पाहा. २००९ च्या चित्रपटात ती चोर झाली आणि मोरियार्टीच्या पगारावर राहिली; २०११ च्या पुढच्या भागात तिला विष घालून वाटेतून दूर केले. २०१२ सालच्या पहिल्याच दिवशी बीबीसीने दाखवलेल्या भागात तिला श्रीमंतांच्या विकृत हौशी पुरवणारी बनवले. शेवटी ती होम्सच्या प्रेमात पडते, त्या प्रेमामुळेच तिचा सांकेतिक शब्द फुटतो, ती हरते, आणि कराचीत तिचा शिरच्छेद व्हायच्या क्षणी होम्स तिला वाचवतो. १८९१ मध्ये जिंकलेली बाई २०१२ मध्ये हरते आणि पुरुषाकडून प्राणदान घेते. याला आधुनिकता म्हणण्याचा प्रघात आहे! त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘एलिमेंटरी’ या अमेरिकन मालिकेत आयरीन हीच वेषांतरित मोरियार्टी निघाली. त्या मालिकेने वॉटसनला स्त्री केले आणि सात वर्षे दोघांना प्रेमप्रकरणाविना बरोबरीने काम करू दिले, हे श्रेय तिला दिले पाहिजे. पण एकंदर हिशेब असा की नायिकेला घोड्यावर बसवले, हाती पिस्तूल दिले, आणि तिची वही, तिचे रोखे, तिचे व्याज काढून घेतले.

आपल्याकडची कथा फारशी निराळी नाही. १९६२ सालचा ‘बीस साल बाद’ हा हिंदी चित्रपट होम्सच्या बास्करव्हिलच्या कुत्र्यावर बेतलेला. ठाकुराच्या अत्याचाराने जीव दिलेल्या मुलीची व्यथा त्याने कथेच्या केंद्रस्थानी आणली, हे धाडसच. परंतु ती मुलगी भूत म्हणून बोलते आणि गुप्तहेर हा विनोदापुरता उरतो. जिवंत बाईची फिर्याद ऐकणारा कोणीच नाही. १९८५ साली दूरदर्शनवर आलेल्या ‘करमचंद’ची सहायक किटी ही प्रश्न विचारण्यासाठी आणि गप्प बसवली जाण्यासाठीच होती, सारा देश त्यावर हसला. व्योमकेश बक्षीच्या मूळ बंगाली कथेत सत्यवती येते ती मृत्युपत्रावरून झालेल्या खुनाचा आळ भावावर आला म्हणून. पुन्हा मालमत्ताच. बासू चॅटर्जींच्या १९९३ च्या मालिकेने कथेशी इमान राखले; २०१५ च्या चित्रपटाला मात्र मूळ कथांत नसलेली एक मोहिनी अंगुरीदेवी घुसवावीशी वाटली.

एका रूपांतराने वेगळी वाट धरली, त्याची नोंद घेतली पाहिजे. ज्या एनोलावरून दावा गुदरला गेला, तिच्या २०२२ सालच्या दुसऱ्या चित्रपटात एक कामगार मुलगी हरवलेल्या बहिणीची तक्रार घेऊन येते आणि धागा पोचतो आगपेट्यांच्या कारखान्यापर्यंत. सारा चॅपमन ही त्यातील व्यक्ती खरी. १८८८ सालचा लंडनमधील ब्रायंट अँड मे कारखान्यातील सुमारे चौदाशे मुली-बायकांचा संपही खरा. त्यांची स्थिती ॲनी बेझंट यांनी आपल्या पत्रात उघड केली, आणि फॉस्फरसने जबडे सडवणाऱ्या त्या कारखान्यातील बायकांनी संप जिंकून स्वतःची युनियन उभारली. होम्सची पहिली कथा १८८७ ची. म्हणजे बेकर स्ट्रीटच्या दिवाणखान्यात कैफियती ऐकल्या जात होत्या तेव्हा त्याच शहरात या बायका फाटकावर उभ्या होत्या, आणि डॉइल यांच्या पानांत त्यांना जागा नव्हती. चित्रपटाने संपाची गाठ एका हुशार मुलीच्या शोधाशी घातली, हा दोष आहेच. तरी हरवलेली फिर्यादी निदान परत आली, आणि ती कामगार म्हणून आली.

आता हे सारे वसई-विरारच्या कार्यकर्त्याने का वाचावे? तांबूस बीच वृक्षाखालचा तो कागद वसईत रोज लिहिला जातो म्हणून. त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. आगाशी, नाळे, निर्मळ, बोळिंज येथील वाडीवर इमारत उठवायचे ठरले की विकासकाच्या वकिलाला पहिली आठवण होते ती सासरी गेलेल्या बहिणीची. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये, अविवाहित असतील तर, आणि केंद्राने २००५ मध्ये सरसकट दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरील उरलेला धुरळाही खाली बसवला. ख्रिस्ती मुलीला १९२५ च्या वारसा कायद्याने भावाइतकाच वाटा आहे. कायदा इतका स्पष्ट असताना सही कशी मिळते? माहेर तुटेल, या एका वाक्याने मिळते. स्वखुशीने सोडलेला हक्क वेगळा; पण ही स्वखुशी तपासणारा कोण? बहिणीला एकटीला बाजूला घेऊन विचारणारा एकही माणूस त्या खोलीत नसतो.

दुसरी गोष्ट अधिक दारुण आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये वसईतील एका तरुणीने पोलिसांना लेखी कळवले की आपला जोडीदार मारहाण करतो आणि ठार मारून तुकडे करण्याची धमकी देतो. पुढच्याच महिन्यात, आता वाद उरलेला नाही, असे तिने लिहून दिले आणि वही मिटली. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. त्याच जोडीदारावर खटला उभा राहिला. हेलन स्टोनरही मनगटावरचे वळ झाकून मारणाऱ्याचीच बाजू घेत होती. फरक एवढाच की तिच्यासमोर बसलेल्याने ते समर्थन म्हणजे प्रकरणाचा शेवट मानले नाही.

आणि त्यानंतर काय झाले? त्या तरुणीच्या फिर्यादीचे साऱ्या देशाने रूपांतर केले. वृत्तवाहिन्यांनी तिची प्रेमकथा केली, राजकारण्यांनी तिची धर्मकथा केली. तिने कोणावर प्रेम केले, यावर महिनोन्‌महिने चर्चा झडल्या. तिने काय लिहून दिले होते, हा विषय चार दिवस टिकला. कारवाई का झाली नाही याची चौकशी होईल, असे राज्याच्या गृहमंत्र्यांनी जाहीर केले खरे. पण १३ डिसेंबर २०२२ रोजी सरकारचा जो निर्णय निघाला तो आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करणाऱ्या समितीचा! याच प्रकरणाचा हवाला तत्कालीन महिला व बालविकास मंत्र्यांनी दिला होता. बाई म्हणत होती, माझ्या जिवाला धोका आहे. सरकारने ऐकले, हिने चुकीच्या माणसावर प्रेम केले. आयरीन ॲडलरच्या नशिबी जे पडद्यावर आले, तेच येथे एका खऱ्या मुलीच्या नशिबी आले. फिर्याद काढून घेतली आणि प्रेम तेवढे शिल्लक ठेवले.

काही मित्र म्हणतील, गुप्तहेरकथा ही करमणूक. पक्षाच्या साप्ताहिकाने तिच्यावर पाने का खर्चावीत? विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या डब्यात हजारो स्त्री-पुरुष आज हातातल्या फोनवर हीच करमणूक पाहतात. बाईची तक्रार आली की तिच्यामागे प्रकरण काय आहे असे आधी विचारायचे, ही सवय अशाच करमणुकीतून अंगवळणी पडते. पोलीस शिपाई आणि आपला शाखाप्रमुख हे दोघेही त्याच डब्यातून प्रवास करतात. दुसरे मित्र म्हणतील, होम्स हा अखेर तारणहार पुरुषच. आक्षेप रास्त आहे. एका प्रतिभावंताच्या मर्जीवर मिळणारा न्याय हा उपकार असतो. अगाथेला तो मिळाला नाही, याचे कारणही तेच. म्हणूनच होम्सने लहरीने केलेले काम संस्थेने नियमाने केले पाहिजे.

त्यासाठी नवा कायदा मागण्याची गरज नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा लग्नाविना एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण देतो, आणि हिंसाचार होत आहे असे सकारण वाटल्यास कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, अशी त्यात सोय आहे. ‘कोणीही’ या शब्दात पक्षाचा प्रत्येक कार्यकर्ता येतो. वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यांत काम करणाऱ्या बायकांपर्यंत ही माहिती पोचवणे हे शाखांचे काम आहे. मागे घेतलेली तक्रार बंद करण्यापूर्वी तक्रारदार स्त्रीशी, घरचे कोणी जवळ नसताना, स्त्री अधिकाऱ्याने बोललेच पाहिजे, असा स्थायी आदेश पोलीस आयुक्तालयाकडून मिळवणे ही पहिली मागणी. हक्कसोडपत्राच्या नोंदणीपूर्वी बहिणीला तिच्या वाट्याची बाजारभावाने किंमत लेखी कळवली जावी, ही दुसरी.

दोन्ही मागण्या साध्या आहेत, खर्चाच्या नाहीत आणि कोणाच्या धर्मात लुडबूड करणाऱ्याही नाहीत. विवाहांची नोंद ठेवणारी समिती नेमायला सरकारला एका निर्णयाचा कागद पुरला होता. तेवढाच कागद याही कामाला पुरेल. तो मिळेपर्यंत आयुक्तालयाच्या आणि नोंदणी कार्यालयाच्या दारी जाऊन बसण्याची तयारी वसई-विरारच्या शाखांनी ठेवली पाहिजे, आणि बसणाऱ्यांत बायका पुढे असल्या पाहिजेत.